सांडा : थरच्या वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा

सांडा हा भारत आणि पाकिस्तानातल्या कोरड्या प्रदेशांत राहणारा, जमिनीत बीळ करणारा मोठा सरडा आहे. जाड शेपटी आणि तिच्यावरच्या काटेरी खवल्यांच्या ओळी ही त्याची खूण. भारतातले बहुतेक सरडे आणि पाली किडे खाऊन जगतात. सांडा मात्र मुख्यतः गवत, पाने, फुले आणि शेंगा खातो. त्यामुळे भारतातल्या सरड्यांत तो अगदी वेगळा ठरतो.

महाराष्ट्रात सांडा निसर्गतः आढळत नाही. तरीही त्याचे नाव मराठी माणसाने ऐकलेले असते, ते ‘सांड्याचे तेल’ या शब्दांमुळे. हे तेल म्हणजे सांड्याच्या शेपटीतली वितळवलेली चरबी. वाळवंटातला हिवाळा आणि टंचाईचे दिवस काढण्यासाठी निसर्गाने दिलेली ही शिदोरी आहे, आणि नेमकी हीच शिदोरी त्याच्या जिवावर उठली आहे.

थोडक्यात ओळख

शास्त्रीय नाव : सारा हार्डविकी (जुने नाव युरोमॅस्टिक्स हार्डविकी)
कूळ : अ‍ॅगॅमिडी (बागेत दिसणारा नेहमीचा सरडा याच कुळातला)
लांबी : नर सुमारे ४० ते ४९ सेंटिमीटर, मादी सुमारे ३४ ते ४० सेंटिमीटर
आढळ : राजस्थान, गुजरातमधील कच्छ, हरियाणाचा काही भाग; पाकिस्तानचा काही भाग
आहार : मुख्यतः वनस्पती, काही प्रमाणात कीटक
स्थिती : आययूसीएनच्या यादीत ‘असुरक्षित’

नाव कसे पडले?

‘सांडा’ हे नाव हिंदी, राजस्थानी आणि मराठी या तिन्ही भाषांत चालते. शास्त्रीय नावातला ‘हार्डविकी’ हा शब्द थॉमस हार्डविक या इंग्रज अधिकाऱ्यावरून आला आहे. हार्डविक ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात होते. नोकरीच्या काळात त्यांनी भारतातल्या प्राण्यांचे नमुने जमवले आणि भारतीय चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये या सरड्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला हार्डविक यांचे नाव दिले.

पुढे बराच काळ हा प्राणी ‘युरोमॅस्टिक्स’ या प्रजातीत धरला जात असे. ग्रीक भाषेत ‘उरा’ म्हणजे शेपटी आणि ‘मास्टिक्स’ म्हणजे चाबूक. भारतातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सरपटणाऱ्या प्राण्यांचा नमुना म्हणून ‘युरोमॅस्टिक्स’ शिकवला जाई, त्यामुळे जुन्या विद्यार्थ्यांना हेच नाव आठवते. २००९ मध्ये या सरड्यांच्या गटाची फेरमांडणी झाली. भारतातला सांडा आणि त्याचे इराणच्या बाजूचे दोन नातेवाईक अशा तीन जातींना ‘सारा’ या वेगळ्या प्रजातीत ठेवण्यात आले. उरलेल्या जाती युरोमॅस्टिक्समध्येच राहिल्या. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तानापर्यंतच्या वाळवंटांत त्या आढळतात. अरब लोक त्यांना ‘धब’ म्हणतात. काटेरी शेपटीच्या या साऱ्या गोतावळ्यातली भारतात आढळणारी जात ही एकच.

सांडा कसा ओळखावा?

सांड्याचे डोके गोलसर आणि रुंद असते, थुंतरी आखूड व चपटी असते. अंग वरून दाबल्यासारखे पसरट दिसते. कातडी सैल आणि सुरकुतलेली असते, त्यामुळे तरुण सांडाही म्हातारा वाटतो. रंग वाळूसारखा पिवळट तपकिरी, त्यावर गडद ठिपके किंवा नागमोडी रेघा. मांडीच्या पुढच्या बाजूला एक मोठा काळा डाग असतो. हा डाग त्याची चांगली खूण मानला जातो.

खरी ओळख पटते ती शेपटीवरून. शेपटीभोवती खवल्यांची वलये असतात आणि त्यांतले कडेचे खवले काट्यांसारखे टोकदार असतात. शेपटीचा रंग अनेकदा निळसर राखाडी असतो. बुडाशी ती जाडजूड असते. नर मादीपेक्षा आकाराने मोठा असतो.

अनेक लोक सांडा आणि घोरपड यांत गल्लत करतात. दोघांत फरक मोठा आहे. घोरपड आकाराने पुष्कळ मोठी होते, तिची मान लांब असते, जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि ती मांसाहारी आहे. सांड्याची मान आखूड, जीभ जाड व मांसल असते आणि तो चरणारा प्राणी आहे. थरमध्ये आढळणारी वाळवंटी घोरपड तर सांड्याची शिकार करते.

राहण्याची जागा

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात. सांडा मात्र भुसभुशीत वाळूच्या टेकड्या टाळतो. त्याला लागते ती सपाट, घट्ट, बारीक खडे मिसळलेली आणि विरळ गवताची जमीन. बीळ ढासळणार नाही आणि पावसाचे पाणी आत साचणार नाही, अशी जागा तो निवडतो. थर म्हणजे केवळ वाळूचा समुद्र नव्हे. त्यात मुरमाड माळ आहेत, खारवट सखल पट्टे आहेत, सेवण आणि धामण या गवतांची कुरणे आहेत. सांडा या भागांत राहतो.

राजस्थानात जैसलमेर, बाडमेर, बिकानेर, जोधपूर आणि चुरू या जिल्ह्यांत तो दिसतो. चुरू जिल्ह्यातले ताल छापर अभयारण्य काळविटांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथल्या गवताळ सपाटीवर सांड्यांची वस्तीही चांगली आहे. गुजरातमध्ये कच्छ, विशेषतः बन्नीचा गवताळ प्रदेश, हे त्याचे महत्त्वाचे ठिकाण.

सांडे एकमेकांच्या जवळपास वस्ती करतात. जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर अनेक बिळे दिसतात आणि त्याला लागून असलेला दुसरा तुकडा अगदी रिकामा असतो. वस्ती एकत्र असली तरी संसार वेगळा : मोठ्या सांड्याचे बीळ त्याचे एकट्याचे असते.

बीळ : घर, थंडावा आणि किल्ला

सांडा पुढच्या पायांच्या मजबूत नखांनी स्वतः बीळ खणतो. बिळाचे तोंड साधारण अर्धचंद्रासारखे दिसते. आतला बोगदा सहा ते आठ सेंटिमीटर रुंद आणि दोन मीटरहून लांब असतो. तो उतरत्या दिशेने नागमोडी जातो आणि शेवटी एका लहान खोलीत संपतो.

या बिळाचे महत्त्व समजण्यासाठी थरचे हवामान पाहायला हवे. जोधपूरच्या उत्तरेकडच्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदवले गेले. चुरूसारख्या भागात हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याच्या खाली उतरतो. जमिनीचा पृष्ठभाग तर हवेपेक्षाही जास्त तापतो. पण जमिनीत जसजसे खोल जावे तसतसा हा चढउतार कमी होत जातो. बिळाच्या तळाशी उन्हाळ्यात गारवा असतो आणि हिवाळ्यात ऊब. सांड्याच्या श्वासातला ओलावा बंद बिळात टिकून राहतो, त्यामुळे त्याच्या अंगातले पाणीही कमी उडते.

आत गेल्यावर सांडा बिळाचे तोंड मातीने बंद करून घेतो. रात्री तो असाच दार लावून झोपतो. शत्रू आत घुसायला लागला तर तो शेपटी तोंडाकडे करून बोगदा अडवतो आणि काटेरी शेपटीचे तडाखे देतो. चावणे हा त्याचा स्वभाव नाही. संकट दिसताच बिळाकडे धावणे, हेच त्याचे पहिले आणि मुख्य संरक्षण. म्हणूनच तो चरायला गेला तरी बिळापासून फार दूर जात नाही.

उन्हावर चालणारा दिवस

सरपटणारे प्राणी आपल्यासारखी शरीराची उष्णता आतून तयार करून टिकवू शकत नाहीत. ती त्यांना बाहेरून, मुख्यतः उन्हातून घ्यावी लागते. सांड्याचा दिवस या हिशेबाने चालतो.

सकाळी ऊन वर आल्यावर तो बिळातून डोके बाहेर काढतो, आजूबाजूला नीट पाहतो आणि मग बाहेर येऊन बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडतो. या वेळी त्याचा रंग गडद, जवळजवळ काळपट असतो. गडद रंग ऊन लवकर शोषतो. अंग तापले की रंग फिका, पिवळसर होत जातो आणि जास्तीचे ऊन परतवू लागतो. अंग पुरेसे गरम झाल्यावर तो चरायला निघतो. उन्हाळ्यात भर दुपारी तो पुन्हा बिळात जातो आणि ऊन कलल्यावर परत बाहेर येतो. ढगाळ किंवा थंड दिवशी तो फारसा दिसतच नाही.

चरणारा सरडा

सेवण-धामणसारखी गवते, झुडपांची कोवळी पाने, केराची फुले व फळे, पिलूची फळे, खेजडीच्या शेंगा असा सांड्याचा आहार असतो. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा होते तीच. पावसाळ्यात भुंगेरे आणि मुंग्या भरपूर निघतात, तेव्हा सांडा तेही खातो. पिल्लांच्या आहारात कीटकांचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते, कारण वाढत्या अंगाला प्रथिने लागतात.

गवत खाऊन जगणे सरड्याला सोपे नाही. गाय-बैल रवंथ करतात, घास पुन्हा पुन्हा चावतात. सरड्याला ती सोय नाही. सांडा पुढच्या जबड्याने पाने कात्रीसारखी तोडतो. काटेरी शेपटीच्या सरड्यांत मोठेपणी पुढचे दात जाऊन त्यांच्या जागी हाडाची दातासारखी धारदार कड तयार होते. पुढचे काम आतड्यात होते. त्यांचे मोठे आतडे रुंद असते आणि त्यात राहणारे सूक्ष्मजीव गवतातला कठीण तंतुमय भाग आंबवून मोडतात. हे आंबवणे नीट चालण्यासाठी शरीर गरम असावे लागते. सकाळी ऊन खात पडलेला सांडा आळशी वाटतो, पण खाल्लेले पचवण्यासाठी त्याला या उन्हाची गरज असते.

पाणी न पिता कसे भागते?

थरच्या पश्चिम भागात वर्षभरात १०० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा. सांड्याला पाणवठा लागत नाही. त्याला लागणारे बहुतेक पाणी खाण्यातूनच मिळते.

यात एक अडचण असते. वाळवंटातल्या वनस्पतींत पाण्याबरोबर क्षारही पुष्कळ असतात. सरड्याचे मूत्रपिंड सस्तन प्राण्यांप्रमाणे घट्ट, खारट लघवी तयार करू शकत नाही. क्षार बाहेर टाकायचे तर पाणी वाया जाणार आणि पाणी वाचवायचे तर क्षार साठणार. यावर काटेरी शेपटीच्या सरड्यांकडे उपाय आहे. त्यांच्या नाकात क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांतून निघालेला खारट द्रव सुकून नाकपुड्यांभोवती पांढरी पुटे धरतो. शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा पातळ लघवीऐवजी यूरिक आम्लाच्या पांढऱ्या घट्ट स्वरूपात टाकला जातो. त्यामुळे पाण्याचा खर्च फारच कमी होतो.

शेपटीतली शिदोरी

थरमध्ये हिरवळ वर्षातून थोडेच दिवस असते. पावसानंतरच्या आठवड्यांत सांडा भरपूर खातो आणि जास्तीचे अन्न चरबीच्या रूपात साठवतो. या साठ्याचा मोठा भाग शेपटीच्या बुडाशी असतो. हिवाळ्याच्या तोंडावर सांडा चांगलाच गुबगुबीत दिसतो.

थंडी वाढली की तो बिळाचे तोंड बंद करून शीतनिद्रेत जातो. शरीराचे सारे व्यवहार मंदावतात. या दिवसांत तो खात नाही, साठवलेल्या चरबीवर जगतो. वसंतात हवा तापू लागली की तो बाहेर येतो, तेव्हा अंगाने उतरलेला असतो. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षीही हीच चरबी त्याला तारून नेते.

वीण आणि पिल्ले

शीतनिद्रेतून बाहेर आल्यावर, वसंतात, मीलनाचा काळ येतो. मादी जमिनीत साधारण आठ ते वीस अंडी घालते. अंडी पांढरी आणि कबुतराच्या अंड्यांएवढी असतात. पावसाळ्याच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात, म्हणजे कोवळे गवत आणि किडे यांची रेलचेल असते तेव्हाच. पिल्ले सात-आठ सेंटिमीटर लांबीची असतात. सुरुवातीच्या काळात ती आईच्या बिळात राहताना दिसतात. मग प्रत्येक पिल्लू आपले वेगळे बीळ करते.

अंड्यांची संख्या मोठी वाटली तरी वीण वर्षातून एकदाच होते, आणि बहुतेक पिल्ले मोठी होण्याआधीच कुणाच्या तरी तोंडी पडतात. उरलेली पिल्ले प्रौढ व्हायला काही वर्षे लागतात. त्यामुळे एखाद्या वस्तीतले मोठे सांडे नाहीसे झाले तर ती वस्ती पुन्हा भरायला फार वेळ लागतो.

वाळवंटाच्या अन्नसाखळीतला दुवा

गवत खाऊन त्याचे मांसात रूपांतर करणारे प्राणी वाळवंटात कमी असतात. हरणे मोठी आणि वेगवान असल्यामुळे लहान शिकाऱ्यांच्या आवाक्याबाहेर असतात. उंदरांच्या अनेक जाती रात्री बाहेर पडतात. दिवसा, उघड्या माळावर, मध्यम आकाराचे भक्ष्य म्हणून मिळतो तो सांडा.

त्यामुळे त्याच्यावर अनेकांची नजर असते. लग्गर ससाणा आणि टॉनी ईगल हा गरुड त्याची शिकार करतात. वाळवंटी खोकड, वाळवंटी रानमांजर आणि वाळवंटी घोरपड यांच्याही आहारात तो असतो. अतिशय दुर्मीळ झालेला माळढोक पक्षीही सरडे खातो आणि त्यात सांड्याचा समावेश होतो. हिवाळ्यात थरमध्ये उत्तरेकडून शिकारी पक्षी मोठ्या संख्येने येतात. सांड्यांची चांगली वस्ती असलेली कुरणे त्यांच्याही उपयोगी पडतात.

सांडा एखाद्या प्रदेशातून नाहीसा झाला तर आकाशातल्या ससाण्यापासून जमिनीवरच्या खोकडापर्यंत सगळ्यांचे खाणे कमी होते.

तेलाची बाजारपेठ

सांड्याला मुख्य धोका आहे तो माणसाच्या एका जुन्या समजुतीचा. सांड्याच्या शेपटीतली चरबी वितळवून काढलेले तेल पुरुषांची लैंगिक दुर्बलता घालवते, सांधेदुखी बरी करते, असे सांगून विकले जाते. राजस्थान, उत्तर भारत आणि पाकिस्तानातल्या बाजारांत हा धंदा जुना आहे. तो तेवढ्यापुरता राहिलेला नाही. थरपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या महाराष्ट्रातल्या शहरांतही रस्त्याकडेला ‘सांडे का तेल’ म्हणून बाटल्या विकणारे दिसतात. आता त्याच नावाने इंटरनेटवरही जाहिराती दिसतात.

यामागची क्रूरता ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. शिकारी सांड्याचे बीळ खणून त्याला बाहेर काढतात. पळून जाऊ नये म्हणून त्याचा पाठीचा कणा मोडला जातो. असा लुळा पण जिवंत सांडा दिवसेंदिवस पिशवीत किंवा विक्रेत्याच्या पुढ्यात पडून असतो. गिऱ्हाइकाला ‘खरा माल’ दाखवण्यासाठी त्याला जिवंत ठेवतात आणि समोरच कापून चरबी काढून देतात. एका सांड्यापासून निघणारे तेल थोडे असते. त्यामुळे धंदा चालू ठेवायचा तर एकामागून एक प्राणी मारावे लागतात. सांडे वस्ती करून राहत असल्याने एकदा जागा सापडली की ती पूर्ण रिकामी होऊ शकते.

या तेलात नेमके असते काय? ते प्राण्याची चरबी असते. कोणत्याही चरबीप्रमाणे ती मेदाम्लांची बनलेली असते, आणि तशी मेदाम्ले शेंगदाणा किंवा तिळाच्या तेलातही असतात. सांड्याच्या तेलाने लैंगिक समस्या दूर होतात याला भरवशाचा वैद्यकीय पुरावा नाही. दुखऱ्या सांध्यावर ते चोळून बरे वाटलेच तर चोळण्याने आणि उबेने वाटते. घरातल्या साध्या तेलानेही तेवढाच आराम मिळतो. शिवाय बाटलीत खरोखर काय भरले आहे हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. लैंगिक अडचणींमागे अनेकदा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, काही औषधांचे परिणाम किंवा मनावरचा ताण असतो. यांतल्या बहुतेक कारणांवर डॉक्टरांकडे उपचार आहेत. संकोचापायी माणूस डॉक्टरकडे न जाता बाटली विकत घेतो, तेव्हा मूळ आजार तसाच राहतो. अशा तेलामुळे सांडा मरतो आणि माणसाचा आजारही लपून राहतो.

‘पडीक’ म्हटलेली जमीन

शिकारीबरोबरच सांड्याची जागाही कमी होत आहे. सरकारी कागदपत्रांत थरच्या माळांची गणना अनेकदा ‘पडीक जमीन’ अशी होते. झाडे नाहीत आणि शेती नाही, म्हणजे जमीन वाया गेली, असा त्यामागचा हिशेब. सांड्याच्या दृष्टीने मात्र तीच भरलेली जमीन आहे.

पंजाबातल्या हरिके बंधाऱ्यापासून निघणाऱ्या इंदिरा गांधी कालव्याने वायव्य राजस्थानात पाणी आले आणि मोठ्या भूभागावर शेती सुरू झाली. लोकांच्या जगण्यात त्यामुळे मोठा फरक पडला. पण नांगर फिरला की बिळे मोडतात आणि ओलीत जमिनीत नवी बिळे टिकत नाहीत. कच्छच्या बन्नीत १९६० च्या दशकात लावलेली वेडी बाभूळ माजली आणि तिने मोकळ्या गवताळ जागा व्यापल्या. दाट झुडपांत सांड्याला ना ऊन मिळते ना चरायला गवत.

अलीकडे यात सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांची भर पडली आहे. राजस्थानातल्या भडला येथील सौर प्रकल्प सुमारे ५६ चौरस किलोमीटरवर पसरला असून त्याची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. स्वच्छ विजेची देशाला गरज आहे, यात शंका नाही. पण अशा प्रकल्पांना लागते ती सपाट, कोरडी, घट्ट आणि मोकळी जमीन. सांड्यालाही नेमकी तीच लागते. त्यामुळे कुठली जागा प्रकल्पाला द्यायची आणि कुठली राखायची, हे ठरवण्याआधी तिथे कोण राहते हे पाहणे आवश्यक ठरते. महाराष्ट्रातल्या माळरानांचीही हीच कथा आहे. सोलापूरच्या नान्नजला माळढोक का दिसेनासा झाला, याचे उत्तर शोधतानाही माळाला पडीक समजण्याच्या सवयीचा विचार करावा लागतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सांडा हा संरक्षित प्राणी आहे. त्याला पकडणे, मारणे, पाळणे, त्याची किंवा त्याच्यापासून काढलेल्या पदार्थांची विक्री करणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास आणि दंड होऊ शकतो. सांड्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या ‘साइटीज’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर भारतात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज या कायद्याने बंदी आहे. म्हणजे अशा तेलाची जाहिरात करणारा दोन वेगवेगळ्या कायद्यांच्या कचाट्यात येऊ शकतो. तरीही विक्री चालते, कारण ती छोट्या प्रमाणात, फिरत्या विक्रेत्यांमार्फत होते आणि ‘खरा सांडा’ म्हणजे काय याची ओळख सर्वांना नसते.

जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांतील ३,१६२ चौरस किलोमीटरचे डेझर्ट नॅशनल पार्क, ताल छापर अशा ठिकाणी सांड्याला काही प्रमाणात आसरा आहे. पण त्याच्या बहुतेक वस्त्या अभयारण्यांच्या बाहेर, गावांच्या गायरानांत आणि चराऊ माळांवर आहेत. तिथे त्याचे भवितव्य गावकऱ्यांच्या हाती असते.

सामान्य माणूस काय करू शकतो?

सांड्याचे तेल विकत न घेणे, हा सर्वांत साधा आणि परिणामकारक उपाय आहे. हा व्यापार मागणीवर चालतो. थरमध्ये बीळ खणणाऱ्या हाताला पैसे मिळतात ते शेवटी शहरातल्या ग्राहकाकडून. घरात कुणी वडीलधारी व्यक्ती गुडघेदुखीसाठी असे तेल आणायला सांगत असेल, तर त्यात काही गुण नाही आणि ते विकणे गुन्हा आहे, हे समजावून सांगता येते.

रस्त्यावर जिवंत सांडे मांडून कुणी बसलेला दिसला तर जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवावे. स्वतः वाद घालू नये, आणि दया येऊन सांडा विकत घेऊन सोडूनही देऊ नये. विक्रेत्याला त्यातून पैसेच मिळतात, तो पुढचा सांडा आणतो, आणि थरचा हा प्राणी महाराष्ट्राच्या दमट मातीत सोडला तर तो तिथे जगण्याची शक्यता फारच कमी. कणा मोडलेल्या सांड्याला तर जाणकारांच्या हाती देण्याशिवाय पर्याय नसतो.

राजस्थान किंवा कच्छच्या सहलीत सांडा पाहायचा असेल तर सकाळचे ऊन चांगले वर आल्यावर, मुरमाड माळावर, बिळांपासून अंतर राखून शांत उभे राहावे. थोड्या वेळाने एखाद्या अर्धचंद्राकृती तोंडातून काळपट डोके वर येते. आधी ते चारही बाजूंना पाहते. धोका नाही असे वाटले की सांडा बाहेर येतो, उन्हात अंग पसरतो आणि हळूहळू रंगाने उजळत जातो.